विश्लेषण : कॅरव्हॅन, कोकण किनारा आणि सोबत छोटा कुत्रा… निघण्यापूर्वी काय ठाऊक हवे?

घरात कुत्रा असलेल्या कुटुंबाची कोकण सहल बहुतेक वेळा एकाच प्रश्नावर अडते. हॉटेलला फोन केला की ‘पाळीव प्राणी चालत नाहीत’ असे उत्तर मिळते. मग कुत्र्याला बोर्डिंगमध्ये ठेवायचे, शेजाऱ्यांकडे सोडायचे की सहलच रद्द करायची, यावर घरात खल होतो. गेल्या काही वर्षांत या प्रश्नाला कॅरव्हॅन हे नवे उत्तर मिळाले आहे. झोपायला पलंग, छोटे स्वयंपाकघर, शौचालय आणि एसी असलेली गाडी. म्हणजे हॉटेलचा प्रश्नच नाही.

मात्र पाच-सहा किलोच्या कुत्र्याला घेऊन कॅरव्हॅनमधून किनारा फिरताना काही अडचणी नव्याने उभ्या राहतात. त्यातली सर्वात गंभीर अडचण समुद्राची किंवा घाटाची नसून खुद्द गाडीची आहे. ती कशी, आणि त्यावर काय करता येते, याचा हा आढावा.

कॅरव्हॅन म्हणजे नेमके काय?

केंद्रीय मोटार वाहन नियमांत ‘मोटर कॅरव्हॅन’ची व्याख्या आहे. बसण्याची जागा व टेबल, झोपण्याची सोय, स्वयंपाकाची सोय आणि सामान ठेवण्याची जागा, या किमान गोष्टी असलेले विशेष वाहन म्हणजे मोटर कॅरव्हॅन. त्यासाठी ‘एआयएस-१२४’ हे स्वतंत्र तांत्रिक मानकही आहे. महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये कॅरव्हॅन पर्यटन धोरण जाहीर केले.

भाड्याने गाडी घेताना नंबर प्लेट पाहावी. चालकासह भाड्याच्या गाडीची प्लेट पिवळी, तर स्वतः चालवायच्या भाड्याच्या गाडीची प्लेट काळ्या रंगाची आणि त्यावर पिवळी अक्षरे असतात. पांढऱ्या प्लेटची खासगी गाडी भाड्याने घेणे नियमबाह्य आहे आणि अपघात झाल्यास विम्याचा दावा अडकू शकतो. जुनी व्हॅन घेऊन त्यात घरच्या घरी पलंग, गॅस आणि टाकी बसवण्याचाही कल वाढतो आहे. मात्र मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीतील तपशिलांपेक्षा वेगळा बदल मंजुरीशिवाय करता येत नाही.

परवान्याचा प्रश्नही अनेकांना पडतो. ७,५०० किलोपर्यंतचे वाहन हलके मोटार वाहन या वर्गात येते. या मर्यादेतील वाहतूक वाहन चालवण्यासाठी हलक्या वाहनाचा परवाना पुरेसा आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये दिला आहे.

सर्वात मोठा धोका कोणता?

बंद गाडीतील उष्णता. कॅरव्हॅन घरासारखी दिसते, त्यामुळे ‘कुत्रा घरात आहे, आपण तासाभरात जेवून येऊ’ असे सहज वाटते. घराच्या भिंती आणि गाडीचा पत्रा यांत मात्र मोठा फरक आहे.

अमेरिकेतील संशोधकांनी २००५ मध्ये ‘पीडियाट्रिक्स’ या वैद्यकीय नियतकालिकात उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीच्या तापमानाच्या नोंदी प्रसिद्ध केल्या. बाहेरचे तापमान २२ ते ३६ अंश सेल्सिअस असलेल्या वेगवेगळ्या दिवशी त्यांनी ही मोजणी केली. तासाभरात आतले तापमान सरासरी २२ अंशांनी वाढले आणि त्यातली ८० टक्के वाढ पहिल्या अर्ध्या तासातच झाली. काच थोडी खाली ठेवल्याने विशेष फरक पडला नाही. त्या नोंदी साध्या मोटारीच्या आहेत. कॅरव्हॅनला इन्सुलेशन असल्यास वेग थोडा कमी होईल, पण दिशा तीच राहील. बाहेर ३० अंश असताना आत ५० अंशांच्या आसपास तापमान जाऊ शकते.

कुत्र्याच्या शरीराचे सामान्य तापमान साधारण ३८.३ ते ३९.२ अंश असते. ते ४१ अंशांच्या पुढे गेले, की मेंदू, मूत्रपिंड आणि आतड्यांना इजा होऊ लागते. माणसाप्रमाणे कुत्र्याला अंगभर घाम येत नाही. तो धापा टाकून, म्हणजे जीभ आणि श्वसनमार्गातील ओलाव्याचे बाष्पीभवन करून शरीर थंड ठेवतो.

कोकणातील दमट हवा इथेच आड येते. हवेत आधीच भरपूर बाष्प असेल तर जिभेवरचा ओलावा उडत नाही. म्हणूनच पुण्यात ३४ अंशांत बऱ्यापैकी फिरणारा कुत्रा मुरुड किंवा मालवणला ३२ अंशांतही बेजार होतो. पग, शित्झू, फ्रेंच बुलडॉग अशा चपट्या नाकाच्या जातींना धोका अधिक असतो, कारण त्यांचा श्वसनमार्गच अरुंद असतो. लहान चणीच्या अनेक लोकप्रिय जाती नेमक्या याच गटातल्या आहेत.

पण गाडीत एसी असतो ना?

असतो. पण तो कशावर चालतो, हे आधी पाहायला हवे. एक टनाचा साधा एसी सलग चालला तर तासाला साधारण एक युनिट वीज घेतो. कॅरव्हॅनमध्ये १२ व्होल्टची २०० अँपिअर-अवर क्षमतेची बॅटरी असेल, तर त्यात एकूण २.४ युनिट वीज साठते. बॅटरी लेड-ॲसिड प्रकारची असल्यास त्यातली निम्मीच वापरणे योग्य. म्हणजे हिशेब तासाभराचा. लिथियम बॅटरीवर तो दोन तासांच्या आसपास जातो. दुपारच्या उन्हात पत्र्याच्या गाडीचा कॉम्प्रेसर थांबतच नाही, त्यामुळे प्रत्यक्षात यापेक्षा फार जास्त वेळ मिळण्याची अपेक्षा धरता येत नाही.

मुक्कामाच्या ठिकाणी बाहेरून वीजजोडणी घेतली तरी लाइट जाण्याची शक्यता उरतेच. वीज पुन्हा आली तरी काही एसी आपोआप सुरू होत नाहीत, ते रिमोटने चालू करावे लागतात. इंजिनवर चालणारा एसी इंजिन बंद पडले की थांबतो. जनरेटर लावला तर त्याचा धूर, म्हणजेच कार्बन मोनॉक्साइड, गाडीत शिरणार नाही याची खात्री करावी लागते.

गाडीतील तापमान मोबाइलवर कळवणारी उपकरणे बाजारात मिळतात. मात्र ती नेटवर्कवर अवलंबून असतात. किनाऱ्यावरील खाड्या आणि डोंगराआडच्या वाड्यांमध्ये नेटवर्क जाणे नेहमीचे आहे. शिवाय इशारा मिळाला तरी मालक जंजिऱ्याच्या तटावर आणि गाडी राजपुरीच्या धक्क्यावर असेल, तर त्या इशाऱ्याचा उपयोग नाही.

म्हणून नियम एकच ठेवावा. दिवसा कुत्र्याला गाडीत एकटे सोडायचे नाही. एसी चालू असला तरीही.

या एका नियमाने सहल कशी बदलते?

समजा, चौघांचे कुटुंब आणि एक कुत्रा निघाला आहे. देऊळ, किल्ला, बोटीची फेरी, खानावळ या ठिकाणी बहुधा कुत्र्याला प्रवेश नसतो. म्हणजे प्रत्येक वेळी किमान एकजण मागे थांबणार. दोघे गणपतीपुळ्याचे दर्शन घेऊन येतील, मग दुसरे दोघे जातील. जंजिरा किंवा सिंधुदुर्गसारखा जलदुर्ग पाहायचा तर बोटीचा वेळ धरून दुप्पट तास राखावे लागतील.

दोघांचीच सहल असेल तर हे अधिक ठळकपणे जाणवते. त्यामुळे ‘दिवसात पाच ठिकाणे’ असा कार्यक्रम आखू नये. सकाळी साडेनऊपर्यंत आणि संध्याकाळी पाचनंतर बाहेर फिरणे, मधला वेळ प्रवास किंवा सावलीतला मुक्काम, अशी विभागणी सोयीची ठरते. चालत्या गाडीत एसी सुरू असतो आणि सगळे सोबत असतात, त्यामुळे दुपार प्रवासासाठी वापरता येते. जेवण गाडीतच बनवावे किंवा खानावळीतून बांधून आणावे.

कोणता हंगाम योग्य?

नोव्हेंबर ते फेब्रुवारीचा पहिला पंधरवडा हा काळ त्यातल्या त्यात बरा. फेब्रुवारीच्या उत्तरार्धात आणि मार्चमध्ये जमिनीवरून येणारे पूर्वेकडचे वारे प्रबळ झाले, की समुद्रावरचे वारे उशिरा सुरू होतात आणि किनारपट्टीचा पारा अचानक चढतो. हवामान विभागाच्या निकषानुसार किनारी भागात कमाल तापमान ३७ अंशांवर आणि सरासरीपेक्षा किमान साडेचार अंशांनी अधिक असेल, तर उष्णतेची लाट मानली जाते. असा इशारा असेल तर सहल पुढे ढकललेली बरी. पावसाळ्यात उन्हाचा त्रास कमी असतो, पण खवळलेला समुद्र, घाटातील दरडी आणि लेप्टोस्पायरोसिस यामुळे तो काळही सोयीचा नाही.

रस्ता कसा आहे? फेरीबोटीवर कॅरव्हॅन जाते का?

मुंबई-गोवा महामार्ग, म्हणजे राष्ट्रीय महामार्ग ६६, किनाऱ्यापासून बराच आत आहे. समुद्राला धरून जायचे तर रेवस ते रेडी या सागरी मार्गाचे तुकडे जोडत जावे लागते. या मार्गावरील मोठ्या खाड्यांवर पूल उभारण्याचे प्रकल्प राज्य सरकारने हाती घेतले आहेत. तोवर आधार फेरीबोटींचा. कोकणात तिला अनेकजण ‘जंगलजेटी’ म्हणतात.

उत्तरेकडून निघाल्यास भाऊचा धक्का ते मांडवा ही रो-रो सेवा आहे. पुढे मुरुडनंतर आगरदांडा ते दिघी, हरिहरेश्वरजवळ बागमांडला ते वेसवी, दापोली तालुक्यातील दाभोळ ते गुहागर तालुक्यातील धोपावे आणि तवसाळ ते जयगड अशा फेऱ्या आहेत. त्यामुळे घाटवळणाचा मोठा फेरा वाचतो. फिरत्या घरासाठी मात्र तीन गोष्टी आधी फोन करून विचाराव्यात. गाडीची लांबी, उंची आणि वजन चालेल का? ओहोटीच्या वेळी उतार तीव्र होतो, तेव्हा लांब गाडीचा मागचा भाग घासणार नाही ना? आणि पाळीव प्राण्यांबाबत नियम काय आहेत? बोटीवर गाडी बंद करून प्रवासी वर जातात, तेव्हाही कुत्र्याला आत ठेवू नये. पट्टा लावून सोबतच घ्यावे.

गावातील रस्ते हा वेगळा विषय आहे. प्रवासी व्हॅनवर बांधलेल्या कॅरव्हॅनची उंची सहसा अडीच मीटरहून अधिक असते. दोन्ही बाजूंना जांभ्याचे गडगे, वर आंब्या-फणसाच्या फांद्या आणि खाली आलेल्या विजेच्या तारा, अशा पाखाडीवजा रस्त्यावर ही गाडी अडकते आणि वळवायला जागाही नसते. मुख्य रस्त्यावर गाडी लावून आधी चालत जाऊन पाहणे शहाणपणाचे.

रात्री गाडी कुठे लावायची?

पुळणीवर नाही. भरतीचे पाणी आणि मऊ वाळू यात गाड्या रुतण्याच्या घटना दर सुट्टीत घडतात. गोव्यात तर किनाऱ्यावर गाडी नेण्यास मनाई आहे, तसेच पर्यटनस्थळी उघड्यावर स्वयंपाक केल्यास दंड होतो.

कोकणात सोयीचा पर्याय म्हणजे घरगुती निवासव्यवस्थेचे अंगण. अनेक घरांना मोठे खळे, विहीर आणि माडाची सावली असते. खोली न घेता फक्त जागा, पाणी आणि वीज यांचे पैसे ठरवून विचारल्यास मार्ग निघू शकतो. वीज घेताना १६ अँपिअरचा सॉकेट आणि अर्थिंग आहे का ते पाहावे. बारीक वायरच्या एक्स्टेन्शन बोर्डवर एसी लावल्यास वायर तापून आग लागू शकते. यजमानांच्या घरी कोंबड्या, मांजर किंवा स्वतःचा कुत्रा असतो, याची चौकशी आधीच करावी. शौचालयाची टाकी आणि सांडपाणी खाडीत किंवा वहाळात सोडू नये. ते रिकामे करण्याची सोय कुठे होईल हे गाडी ताब्यात घेतानाच ठरवावे.

रात्री कुत्र्याला बाहेर बांधू नये. कोकणात बिबट्याचा वावर गावांच्या कडेपर्यंत आहे आणि कुत्रा हे त्याचे सोपे भक्ष्य. लघवीसाठी बाहेर काढताना बॅटरी आणि आखूड पट्टा हवा. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातील जांभ्याच्या सड्यांवर फुरसे हा विषारी साप मोठ्या संख्येने आढळतो. दगडांच्या कपारीत नाक खुपसणाऱ्या छोट्या कुत्र्याला त्याचा धोका माणसापेक्षा जास्त.

पुळणीवर कुत्र्याला मोकळे सोडावे का?

दोन कारणांसाठी सोडू नये. पहिले कारण कुत्र्याचे. रापणीच्या जाळ्यातून आलेले नको असलेले मासे अनेकदा वाळूवर टाकलेले असतात. त्यात केंड मासा असू शकतो. त्याच्या शरीरात टेट्रोडोटॉक्सिन हे घातक विष असते आणि त्यावर उतारा नाही. जेलीफिश आणि जाळ्यातून सुटलेले समुद्री सापही वाळूवर दिसतात. खारे पाणी पोटात गेल्यास उलट्या, जुलाब आणि जास्त प्रमाणात गेल्यास झटके येऊ शकतात. वाळू किती तापली आहे हे पाहण्यासाठी हाताचा मागचा भाग सात सेकंद टेकवून ठेवावा. ठेवता आला नाही, तर कुत्र्याचे पंजेही भाजणार.

दुसरे कारण कासवांचे. ऑलिव्ह रिडले कासवांच्या माद्या साधारण नोव्हेंबर ते मार्च या काळात कोकणच्या वाळूत घरटी करतात. एका घरट्यात शंभरच्या आसपास अंडी असतात आणि पिल्ले बाहेर यायला साधारण ४५ ते ६० दिवस लागतात. मंडणगड तालुक्यातील वेळास येथे चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ मध्ये संवर्धनाचे काम सुरू केले आणि नंतर ते इतर गावांतही पसरले. कुत्र्यांनी घरटी उकरणे ही तिथली जुनी डोकेदुखी असून अंडी कुंपणाच्या आत हलवण्यामागे तेही एक कारण आहे. सहलीचा सर्वोत्तम हंगाम आणि कासवांचा हंगाम एकच आहे, हे इथे लक्षात घ्यावे लागते. वेळास, आंजर्ले अशा ठिकाणी कुत्र्याला घरट्यांच्या परिसरात नेऊच नये. इतरत्रही पट्टा हातात हवा आणि विष्ठा उचलण्यासाठी पिशवी खिशात.

चालत्या गाडीत कुत्रा कुठे असावा?

पलंगावर किंवा मांडीवर नाही. हिशेब साधा आहे. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एकदम थांबली आणि पाच किलोचा कुत्रा अर्ध्या मीटरच्या अंतरात थांबला, तर त्याच्यावर सुमारे १०० किलो वजनाइतका जोर पडतो. तो स्वतः जखमी होतोच, पुढे बसलेल्यालाही इजा करतो. गाडीच्या सीटला किंवा तळाला पट्ट्याने घट्ट बांधलेला पिंजरा हा सुरक्षित मार्ग. पट्टा लावायचा तर गळ्याला न लावता छातीवरच्या हार्नेसला लावावा.

आंबा, कुंभार्ली किंवा फोंडा घाटाच्या वळणांवर अनेक कुत्र्यांना उलट्या होतात. निघण्यापूर्वी तीन-चार तास जड खाणे देऊ नये. माणसांची उलटीची किंवा तापाची गोळी परस्पर देऊ नये. पॅरासिटामॉल आणि आयब्युप्रोफेन कुत्र्यांना घातक ठरू शकतात. कॅरव्हॅनची पायरी उंच असते. डॅशहंडसारख्या लांब पाठीच्या कुत्र्याने वारंवार उडी मारल्यास मणक्याला इजा होते, म्हणून त्याला उचलून उतरवावे.

निघण्यापूर्वीची तयारी काय?

सहलीच्या किमान तीन आठवडे आधी पशुवैद्यकाला भेटावे. रेबीज आणि लेप्टोस्पायरोसिसची लस अद्ययावत आहे का, हे तपासावे. गोचीड हा किनारपट्टीवरचा मोठा त्रास आहे आणि गोचीडतापाने लहान कुत्रा झपाट्याने खालावतो. त्यावरची गोळी किंवा औषध वजनानुसार ठरते. लसीकरण पुस्तिका आणि महापालिकेचा परवाना सोबत ठेवावा. गळपट्ट्यावर मोबाइल क्रमांक असावा.

गावातील कुत्रे नव्या कुत्र्यावर धावून येतात. चावा बसल्यास जखम साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुवावी आणि लस घेतलेली असली तरी कुत्र्याला बूस्टरसाठी पशुवैद्यकाकडे न्यावे. भांडण सोडवताना माणसाला दात लागला असेल तर त्याने त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

तालुक्याच्या ठिकाणी सरकारी पशुवैद्यकीय दवाखाने आहेत, पण त्यांचे काम मुख्यतः गाई-म्हशी आणि शेळ्यांचे. लहान प्राण्यांसाठीचे दवाखाने मोठ्या शहरांतच मिळण्याची शक्यता अधिक. म्हणून प्रत्येक मुक्कामापासून सर्वात जवळचा दवाखाना आणि त्याच्या वेळा आधीच लिहून ठेवाव्यात. फिरत्या पशुवैद्यकीय पथकांसाठी १९६२ हा टोल फ्री क्रमांक आहे.

उष्माघात झाल्यास काय करावे?

जोरात आणि न थांबणारी धाप, तोंडातून चिकट लाळ, लालभडक हिरड्या, अडखळत चालणे, उलटी ही लक्षणे. अशा वेळी दवाखाना शोधत बसण्याआधी कुत्र्याला थंड करणे महत्त्वाचे. सावलीत न्यावे, अंगावर साधे थंड पाणी सतत ओतावे आणि वारा घालावा. ओला टॉवेल गुंडाळून ठेवू नये, त्याने उष्णता अडकते. शुद्धीवर असल्यास घोट-घोट पाणी द्यावे, जबरदस्तीने पाजू नये. त्यानंतर एसी लावून दवाखान्याकडे निघावे. बरा वाटला तरी तपासणी आवश्यक आहे, कारण अवयवांना झालेली इजा काही तासांनी दिसू शकते.

एरवी पाच किलोच्या कुत्र्याला दिवसाला साधारण २५० ते ३०० मिलिलिटर पाणी लागते, उन्हात त्याहून जास्त. गाडीच्या टाकीतले पाणी न देता पिण्याचे पाणी वेगळे ठेवावे.

मग सहल करावी का?

करता येते. त्याआधी एक छोटी चाचणी उपयोगी पडेल. भाड्याची गाडी घेतल्यावर थेट तळकोकण गाठण्याऐवजी पहिला मुक्काम अलिबाग किंवा मुरुडसारख्या, घरी परतणे सोपे असलेल्या ठिकाणी करावा. रात्री एसी किती वेळ चालतो, कुत्रा पिंजऱ्यात झोपतो का, आळीपाळीने थांबण्याची व्यवस्था घरच्यांना जमते का, हे एका दिवसात कळते. जमले तर पुढची फेरीबोट पकडावी. मात्र कार्यक्रमाच्या कागदावर प्रत्येक ठिकाणासमोर ‘या वेळी कुत्र्याजवळ कोण?’ असा रकाना आखून त्यात नाव लिहावे. जिथे नाव लिहिता येत नाही, ते ठिकाण या सहलीतून वगळावे.